नवे बियाणे आणि गरिबाचे शेत

(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्यापैकी अनेकांची मुळे विदर्भाच्या खेड्यांत आहेत. कोणाच्या वडिलांनी कापूस पिकवला, कोणाच्या आजोबांनी पिंजला, कोणी विणला. म्हणून कापसाच्या नव्या बियाण्याचा प्रश्न आपल्या घरचाच आहे.

१९७० साली सुरत येथून 'एच-४' हा संकरित कापूस आला. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. सुरुवातीस बोंडअळीवरील फवारणी घटली, देशाचे उत्पादन वाढले, वेचणीला कामही मिळाले. हा लाभ नाकारणे न्यायाचे होणार नाही.

परंतु लाभ सर्वांना सारखा मिळाला नाही. आपल्याकडील बहुतेक कापूस पावसाच्या भरवशावर आहे. संकरित बियाणे घरी राखून चालत नाही; दरसाल विकत घ्यावे लागते. मृग कोरडा गेला की दुबार पेरणी आणि पुन्हा उधारी. विहिरीवाला हे सोसतो, कोरडवाहूवाला बुडतो. तणनाशकाने मालकाचा खर्च वाचला. पण निंदणाला जाणाऱ्या बाईची मजुरी गेली.

पुढे गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देईना. २०१७ साली तिने विदर्भाचे पीक पोखरले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले.

विद्यार्थी मित्रांनो, येथे तुमचे काम सुरू होते. औषधाच्या डब्यावर रंगीत खूण असते. लाल म्हणजे सर्वांत जहाल विष, त्याखालोखाल पिवळी, मग निळी व हिरवी. ही खूण फवारणाऱ्याला समजावून सांगा. तोंडाला फडके, हातमोजे आणि वाऱ्याची दिशा यांचे महत्त्व पटवा. फरदडीच्या लोभाने पऱ्हाटी उभी ठेवली तर अळीला पुढील हंगामापर्यंत आसरा मिळतो. गरिबाला फरदडीचे चार पैसे सोडवत नाहीत, हे खरे. म्हणून साऱ्या गावाने मिळूनच तसे ठरवावे लागते.

केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून आपल्या नागपुरातच आहे. तेथील ज्ञान खेड्यातील शेतमजुरापर्यंत नेणारा माणूस हवा. पालकहो, तो माणूस तुमच्या घरात शिकत आहे. हंगामाच्या निकडीपायी त्याची, आणि तिचीही, शाळा मोडू नका, एवढीच विनंती.