मोठ्या जातीचे पिल्लू घेताना पैदासकार पारखून घ्या

(पशुपालकांच्या मेळाव्यात पशुवैद्यकीय विषयावर केलेले भाषण)



बैल घ्यायचा झाला तर आपण बाजारात चार फेऱ्या मारतो. दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. गाय घ्यायची तर दोन्ही वेळची धार समोर काढायला लावतो. पण वस्तीच्या राखणीसाठी जातिवंत कुत्रे घ्यायचे ठरले की नुसता फोटो पाहून किंवा टोपलीतले गुबगुबीत पिल्लू उचलून आपण पैसे मोजून मोकळे होतो. न मानवलेला बैल पुढच्या बाजारी विकता येतो. कुत्रे मात्र आठ-दहा वर्षे आपल्या दारात राहते, घरातल्या लहान मुलांबरोबर वाढते. ते लंगडे, रोगट किंवा भलत्याच स्वभावाचे निघाले तर पैसा जातोच, शिवाय घराला घोर लागतो. म्हणून पिल्लू निवडण्याआधी त्याची पैदास करणारा माणूस निवडावा, हे आज मला सांगावयाचे आहे.

आधी गरज, मग जात

आपल्याला कुत्रे कशासाठी हवे, हे प्रथम ठरवावे. सेंट बर्नार्ड आणि हस्की या थंड मुलखातल्या, दाट केसांच्या जाती आहेत. सोलापूर-लातूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडजवळ त्यांना बांधणे म्हणजे त्या मुक्या जिवाचे हाल करणे होय. जर्मन शेफर्ड मूळचा मेंढ्या राखणारा. तो हुशार आहे, पण त्याला रोज शिकवण आणि व्यायाम लागतो. दिवसभर साखळीला बांधलेला शेफर्ड चिडका होतो.

आपल्या दख्खनचा कारवान अथवा मुधोळ हाउंड हाही उंचापुरा, काटक आणि उष्ण हवामानाला सरावलेला कुत्रा आहे. कर्नाटकातील मुधोळजवळ तिम्मापूर येथे बिदरच्या पशुवैद्यक विद्यापीठाचे या जातीसाठी संशोधन केंद्र आहे. २०२० मध्ये राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने राजापालयम आणि चिप्पिपराई यांच्याबरोबर मुधोळ हाउंडची देशी जात म्हणून नोंद केली. तो मूळचा नजरेने सावज हेरून धावणारा शिकारी कुत्रा आहे. त्यामुळे कोंबड्या-शेळ्यांमध्ये त्याला लहानपणापासून सरावाने वाढवावे लागते.

मोठ्या जातींचे आनुवंशिक दोष

मोठ्या, वजनदार जातींत खुब्याच्या सांध्याचा दोष बराच आढळतो. मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत नीट बसत नाही, सांधा सैल राहतो आणि झिजतो. कुत्रा मागच्या पायांनी डुलत चालतो, उठताना कण्हतो. दोन महिन्यांच्या पिल्लाकडे पाहून हा दोष कळत नाही. तो आईबापांत आहे की नाही, हे मात्र ते वयात आल्यावर एक्स-रे काढून समजते. जर्मनीत १८९९ मध्ये स्थापन झालेल्या शेफर्डच्या मूळ संघटनेत पैदाशीपूर्वी असा एक्स-रे आवश्यक मानला जातो. डोबरमनमध्ये हृदयाच्या स्नायूंचा आजार आढळतो, तर ग्रेट डेनसारख्या खोल छातीच्या जातींत पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो.

दोन्ही पालक निर्दोष असले तरी प्रत्येक पिल्लू निर्दोषच निघेल अशी हमी नसते. पण धोका नक्कीच कमी होतो. आईचे दूध आणि तिच्या आधीच्या पिल्लांची कामगिरी पाहून आपण वळू निवडतो ना? हा हिशेबही तोच आहे.

चांगला पैदासकार कसा ओळखावा?

त्याच्या घरी किंवा गोठ्यावर स्वतः जावे. रस्त्यावर, एसटी स्टँडवर, 'अर्ध्या वाटेत देतो' असे म्हणणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नये. तेथे गेल्यावर पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) पिल्लांची आई समोर दाखवावी. ती खंगलेली, भेदरलेली किंवा अंगावर येणारी असेल तर पिल्लू घेऊ नये. आईचा स्वभाव पिल्लांत रक्तानेही येतो आणि सहवासानेही येतो. बाप दुसरीकडचा असल्यास त्याचे कागद व पत्ता मिळावा.

२) आईबाप एकमेकांचे जवळचे नातलग नाहीत ना, हे वंशावळीत तपासावे. जवळच्या रक्तात वारंवार पैदास केल्यास दबलेले दोष वर येतात.

३) आईचे वय आणि आतापर्यंतची वेते विचारावीत. कुत्र्यांच्या पैदाशीबाबत केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. त्यांनुसार पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावयाची असते. १८ महिन्यांखालील मादीपासून पैदास करता येत नाही, आयुष्यात पाचांहून अधिक वेते घेता येत नाहीत आणि आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा दाखला मागण्यात संकोच करू नये.

४) लस व जंतनाशकाच्या तारखा असलेले, पशुवैद्यकाच्या सही-शिक्क्याचे कार्ड मिळावे.

५) वंशावळीचा कागद जात आणि पूर्वज सांगतो, आरोग्य सांगत नाही. खुब्याच्या तपासणीचा अहवाल वेगळा मागावा.

६) पैदासकारही आपल्याला प्रश्न विचारतो का, हे पाहावे. जागा किती, कुत्रे बांधणार की मोकळे ठेवणार, घरी लहान मुले आहेत का, असे विचारणारा आणि 'नाही जमले तर दुसऱ्याला देऊ नका, मला परत आणून द्या' म्हणणारा माणूस भरवशाचा समजावा. ज्याच्याकडे बारा महिने पाच-सहा जातींची पिल्ले तयार असतात, तो पैदासकार नसून व्यापारी असतो.

एक महिन्याचे पिल्लू 'लवकर लळा लागतो' म्हणून घेण्याची आपल्याकडे रीत आहे. ती चुकीची आहे. भावंडांशी खेळताना किती जोराने चावावे, हे पिल्लू शिकते. फार लवकर तोडलेले पिल्लू पुढे चावरे किंवा भित्रे होण्याचा संभव असतो.

घरी आणल्यावर

चांगले पिल्लू चुकीच्या आहाराने बिघडते. हाडे मजबूत व्हावीत म्हणून कॅल्शियमच्या बाटल्या पाजू नयेत. मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लात जादा कॅल्शियमने हाडांची वाढ बिघडते. लठ्ठही करू नये. अमेरिकेत ४८ लॅब्राडोर कुत्र्यांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी आहार मिळालेले कुत्रे सुमारे दोन वर्षे जास्त जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा झिजले. फासळ्या हाताला लागतील, पण डोळ्यांवर येणार नाहीत, इतपत अंग असावे. दिवसाचा आहार दोन-तीन वेळांत विभागून द्यावा आणि पोटभर खाल्ल्यावर लगेच पळवू नये.

पिल्लांच्या रोगप्रतिबंधक लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पूर्ण कराव्यात. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात द्यावी आणि पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित टोचावी. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. कुत्रे चावल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

मेंढपाळ बांधवांनी कापलेल्या जनावराचे कच्चे काळीज-फुप्फुस कुत्र्याला टाकू नये. त्यातून कुत्र्याला फीतकृमी होतात आणि त्यांच्या अंड्यांमुळे मेंढ्यांत व माणसांत पाण्याने भरलेल्या गाठी तयार होतात.

आणखी एक गोष्ट. कुत्रे मोठे आहे म्हणून बिबट्यापासून राखण होईल, हा भ्रम आहे. अकोले तालुक्यातील अभ्यासात बिबट्याच्या खाद्यात पाळीव कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा आढळला. बिबट्याच्या भागात रात्री कुत्रा अंगणात साखळीला न ठेवता बंदिस्त जागेत ठेवावा.

बंधूंनो, 'खाण तशी माती' ही म्हण आपण गुरांबाबत पाळतो, ती कुत्र्याबाबतही पाळावी. चांगल्या पैदासकाराकडे पिल्लासाठी कधी सहा महिने थांबावे लागेल. तेवढे थांबावे. आपण घाईने आणि स्वस्तात घेत राहतो, म्हणून मादीला वेतामागून वेत लावणाऱ्यांचा धंदा चालतो. गिऱ्हाईकाने कागद मागितले, आई पाहिली, तर तो धंदा आपोआप बसेल आणि चांगल्या पैदासकाराला बळ येईल. पिल्लू घेण्यापूर्वी आणि घेतल्यावर दोन-तीन दिवसांत ते जवळच्या पशुवैद्यकाला दाखवावे.