काळी कांच आणि कायदा

मोटारीच्या खिडकीची कांच एकाच वेळीं दोघांच्या उपयोगी पडते. आंत बसलेल्यास ती रस्ता दाखविते, आणि रस्त्यावरील मनुष्यास आंतील माणूस. चौकांत रस्ता ओलांडणारी वृद्ध स्त्री क्षणभर थबकते, ती चालकाची नजर पाहण्यासाठीं. त्यानें आपल्याला पाहिलें, अशी खूण पटली म्हणजे ती पाऊल टाकते. कांच काळी असली कीं ही खूणच नाहींशी होते.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांपैकीं शंभराव्या नियमानें याविषयीं प्रमाण घालून दिलें आहे. पुढील व मागील कांचेंतून दृश्य प्रकाशाचा निदान ७० टक्के आणि बाजूच्या कांचांतून निदान ५० टक्के भाग पलीकडे गेला पाहिजे.

येथें एक साधा हिशेब पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. बाजूची कांच मूळचीच ७० टक्के प्रकाश सोडणारी असली व तिजवर तितकाच प्रकाश सोडणारी फिल्म चिकटविली, तर दोहोंतून सत्तराचे सत्तर टक्के, म्हणजे ४९ टक्केच प्रकाश जातो. दुकानदाराचें बोलणें खरें, आणि गाडी मात्र नियमबाह्य, असा प्रकार घडतो.

२७ एप्रिल २०१२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें कांचेवर कोणत्याही प्रमाणाची काळी फिल्म चिकटविण्यास मनाई केली. अशा कांचांआड होणारे गुन्हे हेंही त्या निकालाचें एक कारण होतें. कारखान्यांतच रंगविलेल्या, प्रमाणांत बसणाऱ्या कांचेस मात्र हरकत नव्हती. पुढें १ एप्रिल २०२१ पासून नियमांत दुरुस्ती होऊन आंतून प्लास्टिकचा थर असलेल्या कांचेसही जागा मिळाली. आणि तिच्या आधारें केरळ उच्च न्यायालयानें २०२४ मध्यें, प्रमाण पाळणाऱ्या फिल्मबद्दल दंड करतां येणार नाहीं, असा निर्णय दिला. वाद फिल्मचा झाला; ७० आणि ५० हे आंकडे मात्र जागचे हलले नाहींत.

उन्हाची तक्रार खोटी नाहीं. वैशाखांत तान्हें मूल घेऊन नागपुराहून निघालेल्या आईस ती कोणी सांगावयास नको. परंतु सूर्याच्या उष्णतेपैकीं जवळजवळ निम्मी डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून येते. ते किरण अडवून दृश्य प्रकाश पुरेसा सोडणारी कांच तयार होते. तेव्हां ऊन टाळण्यासाठीं काळोख करण्याचें कारण उरत नाहीं.

एकांत हवा असल्यास घरास पडदे आहेत. रस्ता सर्वांचा आहे. तेथें वेगवान यंत्र हांकणाऱ्याचा चेहरा पायीं चालणाऱ्यास दिसावा, ही अपेक्षा फार मोठी नव्हे.