गाईड, गरम पाणी आणि सोलापूरचे डॉक्टर

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात ‘सी’ विंगमधील एका सभासद भगिनींनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय ‘आमची चीनची सहल’, आणि वेळ दिलीय पंधरा मिनिटं. सहल झाली एप्रिल २०१९ मध्ये. एवढी जुनी गोष्ट आता कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण ऑक्टोबर २०२५ पासून भारतातून चीनला थेट विमानं पुन्हा सुरू झाली, आणि तेव्हापासून लिफ्टमध्ये निदान पाच जणांनी मला विचारलंय, ‘‘तुम्ही गेला होतात ना? ग्रुपने की आपले आपण?’’ त्या सगळ्यांना आज एकदमच उत्तर देते.

आम्ही चौघं गेलो. मी, माझे मिस्टर, तेव्हा नववीत गेलेली मुलगी आणि माझे वडील. वडील म्हणजे तात्या, गेटजवळच्या बाकावर पेपर घेऊन बसणारे. तेव्हा ते शहात्तर वर्षांचे होते. आमची ठरवाठरवी सुरू झाली तेव्हा त्यांनी एकच अट घातली. ‘‘भिंत बघा, राजवाडा बघा, काय वाटेल ते बघा. मी येतो, पण मला कोटणीसांच्या समाधीला न्यायचं.’’

मुलांसाठी थोडं सांगते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. जन्म १९१० चा. मुंबईला जी. एस. मेडिकलमध्ये शिकले. १९३८ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केलेलं असताना काँग्रेसने तिकडे पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात ते होते. नागपूरचे डॉ. चोळकरही होते, पथकातले वयाने सगळ्यात मोठे. बाकीचे चौघं यथावकाश परत आले. कोटणीस राहिले. डोंगरातल्या गावांमधून, आघाडीच्या मागे-पुढे ऑपरेशनं करत राहिले, चिनी शिकले, तिथल्याच नर्सिंग शिकवणाऱ्या को छिंगलान यांच्याशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं ‘यिनहुआ’. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मुलगा चार महिन्यांचाही नव्हता तेव्हा, ९ डिसेंबर १९४२ ला, अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले. वय बत्तीस. व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर सिनेमा काढला आणि कोटणीसांचं काम स्वतः केलं. तात्यांनी तो पुढे शाळेत असताना सोलापुरात पाहिला होता. ‘आपल्या गावचा माणूस’ हे त्यांच्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलंय.

दुसरी बाजूही सांगायला हवी. तात्या १९६२ साली एकोणीस वर्षांचे होते. संरक्षण निधीला लोक दागिने देत होते तेव्हा माझ्या आजीने हातातली एक पाटली काढून दिली होती. उरलेली एक माझ्याकडे आहे. त्यामुळे चीनला जायचं ठरल्यावर आमच्याच नातेवाइकांत कुजबुज झाली. एका काकांनी तर फोन करून विचारलं, ‘‘वहिनींची पाटली विसरलास का?’’ तात्या म्हणाले, ‘‘विसरलो नाही. डॉक्टरांनापण विसरलो नाही.’’ आणि फोन ठेवला.

आता ग्रुप की खाजगी. मी दोन-तीन प्रवास कंपन्यांकडे गेले. शिजियाझुआंग म्हटल्यावर एका ठिकाणी मुलीने मला विचारलं, ‘‘मॅडम, तिथे बघण्यासारखं काय आहे?’’ समाधी तिथे आहे, म्हटलं. ती म्हणाली, चाळीस माणसांची बस आहे, एका कुटुंबासाठी वळवता येणार नाही. तिचं बरोबरच होतं. मग आम्ही खाजगी गाईडचा मार्ग धरला. खाजगी म्हणजे काही राजेशाही थाट नव्हे. प्रत्येक शहरात एक गाईड, एक गाडी, आणि कार्यक्रम आपण ठरवायचा. ग्रुपच्या साधारण दीडपट खर्च आला. पण पैसे द्यायच्या आधी दोन गोष्टी लेखी घ्या. एक, गाईडकडे सरकारी परवाना हवा. तिथे त्यासाठी परीक्षा असते आणि ते कार्ड गळ्यात घालतात. दुसरी, खरेदीचे थांबे नकोत. रेशीम, जेड, मोती, चहा; स्वस्त सहलीची कसर तिथे भरून काढतात. पर्यटकाला खरेदीची सक्ती करायची नाही असा कायदा तिथे २०१३ पासून आहे, पण सक्ती आणि आग्रह यांच्यातलं अंतर आपल्याला लग्नातल्या पंगतीवरून माहीत आहेच.

बीजिंगची गाईड तिशीच्या आतली मुलगी होती. पहिल्याच दिवशी तात्यांना म्हणाली, ‘‘येये!’’ तात्या उठून तिच्याकडे गेले. परत ‘‘येये’’. हे आणखी पुढे गेले. मग कळलं की ‘येये’ म्हणजे वडिलांचे वडील, आजोबा. आईच्या वडिलांना दुसरा शब्द आहे. तिथून विषय निघाला तो बसमध्ये, जेवताना, भिंतीवर, चारही दिवस चालला. मामाला वेगळा शब्द, काकाला वेगळा, आत्या वेगळी, मावशी वेगळी. इतकंच नाही, वडिलांचा मोठा भाऊ वेगळा आणि धाकटा वेगळा. ती म्हणाली, इंग्लिश पर्यटकांना हे समजावता समजावता दमायला होतं, तुम्हाला समजावावं लागलंच नाही. पण तिला स्वतःला ना काका ना आत्या. आई-वडील दोघंही एकुलते, तीही एकुलती. हे तिने हसत सांगितलं. माझी मुलगी मात्र हे ऐकून गप्प झाली. तिला सख्खी-चुलत मिळून अकरा भावंडं आहेत.

तात्यांना चीन आवडला तो गरम पाण्यामुळे. स्टेशनवर, रेल्वेच्या डब्यात, हॉटेलच्या खोलीत, सगळीकडे पिण्याचं गरम पाणी. गार पाणी मागितलं तर लोक काळजीने बघतात. मी इतकी वर्षं घरात जे सांगतोय ते एका आख्ख्या देशाला पटलंय, हे त्यांना फार सुखावून गेलं.

जेवणाचं विचाराल, तर नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. भाजीत ऑयस्टर सॉस असतो, सूपमध्ये कोंबडीचं पाणी असतं, वर शोभेला खिमा असतो आणि त्यांच्या लेखी ती भाजीच असते. आमच्या गाईडने एक कार्ड लिहून दिलं : मांस, मासे, अंडं, मांसाचं पाणी, चरबी, ऑयस्टर सॉस, काही नको. ते दाखवल्यावर कुठे अडलं नाही. वांगं, टोफू, बटाट्याच्या काचऱ्या, वाफवलेले पाव. शीआनमध्ये ‘ल्यांगपी’ नावाचा थंड, आंबटतिखट प्रकार मिळाला, आणि मुलीने तीन दिवस तोच खाल्ला. पैशांचं मात्र अवघड होतं. भाजीवालीसुद्धा मोबाईलवर कोड दाखवायची आणि आमच्या हातात नोटा. तेव्हा आपल्याकडे कौतुक वाटलं होतं, आता आपला वडापाववालाही तेच करतो.

प्रेक्षणीय स्थळांचं थोडक्यात. निषिद्ध नगरीला सोमवारी सुट्टी असते, तिकीट पासपोर्टवर आधी काढावं लागतं. भिंतीला मुतियान्यूला जा. पाळणा आहे, वयस्कर माणसांना वर जाता येतं. शीआनला मातीचं सैन्य. १९७४ मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडलं. फोटोत काही कळत नाही, प्रत्यक्ष बघायलाच हवं. शांघाय दोन दिवस, उंच इमारती. आपल्या मीटरच्या खोलीसमोर ज्यांनी पंचवीस वर्षं काढली त्यांना उंच इमारतींचं काय सांगू!

खाजगी गाईड मिळाली म्हणजे मोकळी उत्तरं मिळतात, असं मात्र समजू नका. तिआनआनमेन चौकात मुलीने तिला विचारलं, ‘‘१९८९ ला हे इथेच झालं ना?’’ गाईडने झेंडावंदनाची वेळ सांगायला सुरुवात केली आणि आम्हाला पुढे नेलं. रात्री मी मुलीला म्हटलं, आता परत विचारू नकोस, तिचं पोट त्या गळ्यातल्या कार्डावर आहे. मुलीला ते पटलं नाही. वाद झाला. तात्यांनी तिची बाजू घेतली. मुलं विचारणारच, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, बासष्टबद्दल तुम्हाला काय शिकवलं? तिने खरोखर आठवून बघितलं. ‘‘शाळेत त्याबद्दल फारसं काही नव्हतं, येये.’’ हे टाळणं नव्हतं, चेहऱ्यावरून कळत होतं. तात्या गाडीत बराच वेळ बाहेर बघत बसले. रागाला उत्तर देता येतं. समोरच्याला माहीतच नाही म्हटल्यावर काय बोलणार? आजीच्या पाटलीची गोष्ट त्यांनी तिला त्या संध्याकाळी सांगितली. तिने ऐकून घेतली, आणि पाटली म्हणजे नेमकी कशी असते ते विचारलं. मी फोनमधला फोटो दाखवला.

शिजियाझुआंगला त्यांच्या कंपनीचा गाईडच नव्हता, कारण पर्यटक तिथे जात नाहीत. तेव्हा बीजिंगचीच मुलगी आमच्याबरोबर आली. बीजिंगहून शीआनला जाणाऱ्या बुलेट ट्रेनच्या वाटेवरच ते आहे, सव्वा-दीड तासावर. सकाळी उतरायचं, सामान स्टेशनवर ठेवायचं, दुपारची पुढची गाडी पकडायची. ग्रुपमध्ये जे अशक्य होतं ते असं सोपं होतं.

हुतात्म्यांचं स्मारक म्हणजे मोठी बाग आहे, झाडीची. तिथेच डॉ. बेथ्यून यांचीही समाधी आहे. हे कॅनडाचे सर्जन, १९३९ मध्ये ऑपरेशन करताना बोट कापून रक्तात विष भिनलं आणि गेले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे कोटणीस नंतर प्रमुख झाले. गाईडला बेथ्यून शाळेच्या पुस्तकातून पाठ होते. कोटणीसांचं चिनी नाव ‘को तिहुआ’ तिने ऐकलं होतं, पण माहिती तिने आमच्यासाठी आदल्या रात्री वाचली होती. हे तिने स्वतःच सांगितलं. नुकताच छिंगमिंग झाला होता. आपल्या पितृपक्षासारखा पूर्वजांचा दिवस, एप्रिलच्या सुरुवातीला येतो, लोक समाध्या झाडतात, फुलं वाहतात. कोटणीसांच्या समाधीवरही फुलं होती, पांढरी-पिवळी शेवंती, थोडी सुकलेली. आमच्याआधी कोणीतरी येऊन गेलं होतं.

तात्यांनी लांबूनच बूट काढले. तिथे तशी पद्धत नाही. झाडलोट करणारे एक गृहस्थ बघायला लागले आणि गाईडशी काहीतरी बोलले. तिने तात्यांना विचारलं, ‘‘हे तुमचे नातेवाईक का, असं ते विचारतायत.’’ तात्या म्हणाले, ‘‘नाही. आमचं गाव एक.’’ तिने त्यांना एकच शब्द सांगितला, ‘लाओश्यांग’. म्हणजे गाववाले. घरापासून लांब गेलं की या शब्दाला तिकडे फार वजन आहे, असं ती नंतर म्हणाली. ते गृहस्थ आत गेले आणि एक खुर्ची व पेलाभर गरम पाणी घेऊन आले. तात्या त्या खुर्चीवर पाऊण तास बसले. बोलले काही नाहीत. मीही विचारलं नाही. आमची गाडी जवळजवळ चुकली.

शीआनमध्ये आणखी एक गंमत झाली. तिथला मोठा पॅगोडा ह्युएनत्संगाने भारतातून नेलेले ग्रंथ ठेवायला सातव्या शतकात बांधला. तो महाराष्ट्रातही येऊन गेला होता, पुलकेशीच्या काळात. आपल्याबद्दल त्याने लिहिलंय की ही माणसं मानी, केलेले उपकार न विसरणारी, अपमान झाला तर सूड घेणारी. पण सूड घेण्याआधी शत्रूला तसं कळवतात. म्हणजे आधी नोटीस, मग भांडण. मिस्टर म्हणाले, हा आपल्या वार्षिक सभेला येऊन गेलेला दिसतो.

पुढचं थोडंसं. बीजिंगच्या गाईडशी आमचं बोलणं व्हीचॅटवर चालायचं. २०२० सुरू झालं, पर्यटन बंद पडलं. तिने लिहिलं की सध्या एका शिकवणीत इंग्लिश शिकवते. मग जूनमध्ये गलवान झालं, आपले वीस जवान गेले, आणि महिनाअखेरीस आपल्याकडे व्हीचॅट बंद झालं. त्या आठवड्यात तात्यांनी पेपर वाचला की बाजूला ठेवायचा, बाकावर बोलणं नाही. एकदाच म्हणाले, ‘‘तिला कळलं असेल का?’’ मला वाटलं ते अॅपबद्दल विचारतायत. ते जवानांबद्दल विचारत होते. ईमेलला उत्तर आलं नाही. कंपनीही बहुतेक राहिली नाही.

तर ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी आमचा सगळा कार्यक्रम आणि जेवणाचं ते कार्ड यांच्या झेरॉक्स प्रती माझ्याकडे तयार आहेत, संध्याकाळी सातनंतर या. शिजियाझुआंगचे गाडीचे वेळापत्रक आता बदललं असेल, ते तपासून घ्या. आणि तात्यांनी खुर्चीवरचा स्वतःचा आणि त्या मुलीचा एक फोटो मोठा करून घेतलाय, पाकिटात घालून ठेवलाय. बीजिंगला कोणी गेलं तर तेवढा घेऊन जा. तिचा जुना पत्ता मागे लिहिलाय, मराठीत आणि चिनीत. चिनी तिनेच शिकवलेलं आहे.