टोमॅटो : कच्चा आणि शिजवलेला



आपल्या नाशिक फाट्यावरून निघणाऱ्या रस्त्यावरच नारायणगावचा मोठा टोमॅटो-बाजार आहे. त्या फळाचे दोन गुण ध्यानी ठेवावेत. कच्च्या टोमॅटोतील 'क' जीवनसत्त्वामुळे भाकरी-पालेभाजीतले लोह अंगी लागते; शिजवल्याने ते जीवनसत्त्व घटते. उलट, लायकोपीन हे तांबडे द्रव्य तेलात शिजवल्यावर अधिक शोषले जाते. म्हणून सार करावे, तशी कोशिंबीरही करावी.

पण कोशिंबीर पुरुषांच्या व मुलांच्या पानांतच संपते, आणि लोहाची उणीव तर बायकांतच अधिक! तेव्हा मागाहून जेवणाऱ्या गृहिणीने आपली वाटी आधीच काढून ठेवावी. जेवणावर लगेच चहा घेऊ नये. त्याने लोह कमी शोषले जाते. कुटुंबाच्या आरोग्यात आपलेही आरोग्य येते.