सागराचे शास्त्र आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनाच्या चालकांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न आम्हांस पडला नाही. आपण दर्यावर जगणारी माणसे. दर्याविषयीच बोलावे हे उचित. आम्ही पडलो केवळ मॅट्रिक. छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत मुले शिकविली, एवढाच आमचा अधिकार. शास्त्रज्ञांच्या कार्याचे मोजमाप करण्याची आमची योग्यता नाही. परंतु अज्ञानाची किंमत काय पडते हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे, आणि ते अज्ञान काही अंशी आमचे स्वतःचेही होते; म्हणून हे धाडस करीत आहोत.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही किनाऱ्यावरील एका गावी शिक्षक होतो. नारळी पौर्णिमा होऊन तीन-चार आठवडे लोटले होते. होड्या दर्यात जात आणि रिकाम्या परत येत. रापण ओढावी तर जाळ्यात शेवाळ आणि गाळ. पुढे एके सकाळी पुळणीवर मेलेल्या मासळीचा थर दिसला. लेपे होते, खेकडे होते, तळाशी राहणारी इतरही मासळी होती. पाण्याला कुजक्या अंड्यासारखी दुर्गंधी येत होती. गाव हादरला. कारण शोधू लागला, आणि कारण सापडण्यास वेळ लागला नाही. एका घरच्या होडीने पौर्णिमेपूर्वी, दर्याला नारळ वाहण्याआधी, जाळे टाकले होते. दर्या कोपला तो त्यांच्यामुळे, असे ठरले. दंड झाला. दंड भरूनही त्या घरी जाणे-येणे बंद झाले. त्या घरचा मुलगा आमच्या चौथीच्या वर्गात होता. त्याच्या शेजारी बसावयास कोणी धजेना. आम्ही त्यास पहिल्या रांगेत आणून बसविले, परंतु तोंडाने काही बोललो नाही. काय बोलावे हे आम्हांस ठाऊकच नव्हते. दिवाळीपूर्वी ते कुटुंब गाव सोडून मुंबईस गेले.

नारळी पौर्णिमेची रीत खोटी, असे आम्ही म्हणत नाही. खवळलेल्या समुद्रात होडी घालू नये, मासळीच्या विणीच्या दिवसांत तिला निवांतपणा द्यावा, हे शहाणपण त्या रीतीत आहे. परंतु मासळी मेली ती त्या रीतीच्या भंगाने काय, हा प्रश्न निराळा. त्याचे उत्तर आम्हांस मिळाले ते पुढे कितीतरी वर्षांनी, गोव्यात.

गोव्यातील दोनापावल येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. १९६० नंतरच्या काही वर्षांत अनेक राष्ट्रांच्या जहाजांनी मिळून हिंदी महासागराचे संशोधन केले. त्या मोहिमेतून आपल्या देशास स्वतःच्या संस्थेची निकड पटली, आणि १ जानेवारी १९६६ रोजी ही संस्था जन्मास आली. डॉ. पणिक्कर हे तिचे पहिले संचालक. कोची, मुंबई आणि विशाखापट्टणम् येथे तिची केंद्रे आहेत. तिच्या ‘गवेषणी’ या जहाजाने १९८१ साली समुद्राच्या तळाहून अनेक धातूंचे गोळे वर काढले. त्या कामाच्या बळावर १९८७ साली हिंदी महासागरातील अशा गोळ्यांच्या क्षेत्रावर शोधाचा हक्क भारतास मिळाला. द्वारकेच्या समुद्रात बुडालेल्या अवशेषांचा शोध डॉ. एस. आर. राव यांनी घेतला, तोही याच संस्थेच्या आश्रयाने. ही कार्ये थोर होत आणि वर्तमानपत्रांत ती गाजलीही. परंतु आम्हांस आज सांगावयाचे आहे ते एका न गाजलेल्या कामाविषयी.

२०१४ साली शाळेची सहल घेऊन आम्ही तेथे गेलो असता एका तरुण संशोधकाने मुलांपुढे दोन बाटल्या ठेवल्या. दोन्हींत समुद्राचेच पाणी होते. त्याने दोन्हींत थेंबथेंब औषधे घातली. एकीत तपकिरी साका बसला. दुसरीत तो पांढराच राहिला. ‘तपकिरी झाला त्या पाण्यात प्राणवायू आहे. पांढरा राहिला त्यात नाही,’ असे त्याने सांगितले. ही परीक्षा विंकलर नावाच्या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली शोधून काढली. मुलांनी विचारले, प्राणवायू नसलेले पाणी कोठून आणले? तो म्हणाला, ‘फार दुरून नव्हे, किनाऱ्यावरूनच, पावसाळा संपता संपता.’

ते ऐकताच आम्हांस ती पुळण आठवली. मग आम्ही त्यास पुष्कळ प्रश्न विचारले, आणि त्याने न कंटाळता उत्तरे दिली. त्यांचा सारांश असा. आपल्या अरबी समुद्रात सुमारे दीडशे मीटरांपासून हजार मीटरांपर्यंतच्या खोलीवर प्राणवायू अत्यंत कमी असतो. जगातील अशा मोठ्या प्रदेशांत याची गणना होते. पावसाळ्यात वारा व प्रवाह किनाऱ्याजवळील वरचे पाणी दूर लोटतात, आणि त्याच्या जागी खालचे थंड व प्राणवायू कमी असलेले पाणी किनाऱ्याकडे चढून येते. त्याच सुमारास पावसाचे व नद्यांचे गोडे पाणी समुद्रावर पातळ थरासारखे पसरते. भांड्यावर झाकण बसावे तसे ते बसते. मग हवेतील प्राणवायू खाली पोहोचत नाही. खालून आलेल्या पाण्यात पोषक द्रव्ये विपुल असतात. त्यांवर सूक्ष्म वनस्पती माजतात; हेच आपल्या मासळीचे मूळ अन्न. परंतु त्या मरून तळाशी कुजू लागल्या म्हणजे उरलासुरला प्राणवायूही संपतो. प्राणवायू संपल्यावर काही जीवाणू पाण्यातील नायट्रेटवर जगतात, आणि तेही संपले म्हणजे गंधकयुक्त द्रव्यांवर. कुजक्या अंड्याची ती दुर्गंधी या शेवटच्या अवस्थेची खूण होय. मासळी पळू शकली तर पळते. तळाशी राहणारी जागीच मरते. पुढे वारा पडतो, किनाऱ्याचा प्रवाह उलटतो आणि पाणी पुनः निवळते.

म्हणजे पहा, जो समुद्र मासळीस अन्न देतो, तोच त्याच ऋतूत तिचा श्वास कोंडतो. यात कोणाचा कोप नाही आणि कोणाचे पाप नाही. त्या वर्षी आमच्या गावचे पाणी कोणी बाटलीत भरून पाहिले नव्हते हे खरे. परंतु ऋतू तोच, मासळी तीच आणि दुर्गंधीही तीच.

आता या कामाची रीत सांगतो, कारण ती आम्हां शिक्षकांस फार जवळची वाटली. गोव्यातील कांदोळीच्या समुद्रात, किनाऱ्यापासून सुमारे १० किलोमीटर दूर, संस्थेने एक जागा निश्चित केली. १९९७ सालापासून शास्त्रज्ञ वारंवार तेथे जाऊन निरनिराळ्या खोलींवरील पाणी भरून आणू लागले. शाळेचा हजेरीपट आपण जाणता. एका दिवसाच्या हजेरीवरून मुलाचे काहीच कळत नाही. वर्षभराचा पट उघडला म्हणजे पेरणीस कोण घरी राहिले आणि तापाने कोण अंथरुणास खिळले ते दिसते. समुद्राचेही तसेच. प्राणवायूची ही टंचाई निसर्गाच्या जुन्या चक्रातली किती आणि शेतांतून वाहून येणाऱ्या खतांमुळे वाढलेली किती, हे अनेक वर्षांच्या पटावाचून ठरत नाही. या संस्थेतील डॉ. नक्वी आणि त्यांचे सहकारी यांनी २००० साली जगापुढे मांडले की, आपल्या किनाऱ्याजवळच्या या पाण्यातून नायट्रस ऑक्साइड नावाचा वायू मोठ्या प्रमाणात निघतो, आणि तो पृथ्वीची उष्णता वाढविणारा आहे. आपल्या दारातील पाण्याचा संबंध साऱ्या जगाच्या हवामानाशी पोहोचतो तो असा.

परंतु बंधूंनो, या साऱ्या माहितीत एक गोष्ट आम्हांस फार बोचली. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल बान्झे यांनी भारताच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर वर चढणाऱ्या या पाण्याविषयी आणि तळच्या मासेमारीवर होणाऱ्या त्याच्या परिणामाविषयी १९५९ सालीच लिहून ठेवले होते. म्हणजे आमच्या गावाने ते घर वाळीत टाकले, त्याच्या पंचवीसहून अधिक वर्षे आधी! ज्ञान होते; कागदावर होते. ते आमच्या पुळणीपर्यंत आले नाही. ते आणावयाचे कोणी? शास्त्रज्ञ लिहितो ते शास्त्रज्ञांसाठी. ते गावात आणण्याचे काम शिक्षकाचे होते, आणि ज्ञातीच्या संस्थेचेही होते. आम्ही ते केले नाही. अज्ञान हा अपराध नव्हे. परंतु ठाऊक नसताना निवाडा देणे हा अपराध होय, आणि निवाडा चालला असता गप्प बसणे हाही.

गेल्या वर्षी आम्ही मुंबईस त्या कुटुंबाचा पत्ता काढून गेलो. वडील वारले होते. आमचा तो विद्यार्थी आता पन्नाशीच्या घरात आहे. त्याने आम्हांस वाकून नमस्कार केला, चहा दिला. आम्ही त्यास हे सारे सांगितले, बाटल्यांची गोष्टही सांगितली. तो पुष्कळ वेळ काही बोलला नाही. मग इतकेच म्हणाला, ‘गुरुजी, हे तेव्हा कळले असते, तर बाबांनी घर सोडले नसते.’ त्यावर आम्हांपाशी उत्तर नव्हते.

म्हणून या व्यासपीठावरून तीन विनंत्या करतो. पहिली, प्रत्येक तांडेलाने एक वही ठेवावी. कोणत्या तिथीस, किती वाव पाण्यात, काय मिळाले, पाण्याचा रंग व वास कसा होता, हे त्यात लिहावे. आपल्या वाडवडिलांचे ज्ञान थोर होते, परंतु ते त्यांच्याबरोबर गेले. दुसरी, आपल्या मुलामुलींनी या शास्त्राकडे वळावे, आणि मंडळाच्या शिष्यवृत्तीत त्याकरिता एक जागा राखावी. ज्याच्या आजाने वल्हे मारले, त्याच्या नातवास समुद्राची भीती नसते, आणि जहाजावरील कामास ती पात्रता लहान नव्हे. तिसरी विनंती सर्वांत कठीण आहे. मंडळाने त्या कुटुंबास पत्र लिहावे, झाले ते चुकीचे झाले असे त्यात स्पष्ट म्हणावे, आणि येत्या नारळी पौर्णिमेस गावचा पहिला नारळ त्यांच्या हातून वाहावा. त्या पत्राखाली पहिली सही आम्ही करू.