राख, वीट आणि गिऱ्हाईक



दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रातून
कोळशाची राख निघते.

1999 साली केंद्र सरकारनं नियम केला…
वीज केंद्रांनी ही राख
वीट करणाऱ्यांना फुकट द्यावी.

राख, सिमेंट, कच…
साच्यात दाबायचं, पाणी मारायचं.
भट्टी लागत नाही.
शेतातली माती वाचते.

पुढे, जवळपासच्या बांधकामांनाही
राखेच्या वस्तू वापरण्याचं बंधन आलं.
म्हणजे सरकारनं माल दिला…
आणि गिऱ्हाईकही दिलं.

मला यातलं गिऱ्हाईक मोठं वाटतं.
विटांचा धंदा काढायला
जिल्हा उद्योग केंद्रामार्फत
कर्जावर अनुदान मिळतं.
त्यातून यंत्र येतं.
गिऱ्हाईक येत नाही, मंडळी.

तेव्हा अर्ज भरण्याआधी
गावातल्या गवंडीदादांना विचारा…
"दादा, माझी वीट घ्याल का?"