उत्तराखालचा परिच्छेद



गणिताच्या अधिवेशनाच्या अध्यक्षाकडून तीनच अपेक्षा असतात. त्याने अभ्यासक्रमावर थोडी टीका करावी, शून्याच्या शोधाचा अभिमान बाळगावा आणि जेवणाची वेळ पाळावी. तिसरी अपेक्षा मी नक्की पूर्ण करीन. पहिलीही थोडीफार होईल. शून्याचा उल्लेख मात्र झाला तेवढाच.

स्पर्धा परीक्षा म्हटले की आपल्याकडे लोकसेवा आयोग आठवतो. मी बोलणार आहे ते गणित ऑलिंपियाडबद्दल, आणि त्यातल्याही दोन विषयांबद्दल: कॉम्बिनेटोरिक्स आणि नंबर थिअरी, म्हणजे मोजण्याचे आणि पूर्णांकांचे गणित. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड १९५९ मध्ये रुमानियात सुरू झाले. भारताचा संघ त्यात प्रथम उतरला १९८९ मध्ये, आणि सातच वर्षांनी, १९९६ मध्ये, मुंबईने या स्पर्धेचे यजमानपद सांभाळले. २०२४ मध्ये आपल्या सहा मुलांनी चार सुवर्णपदके आणून देशाला चौथ्या क्रमांकावर नेले. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात यामागची बरीच मेहनत होते, हे या सभेला सांगायला नको.

पण पदकांची यादी वाचायला मी उभी नाही. मला त्या परीक्षेचे वेळापत्रक महत्त्वाचे वाटते. रोज साडेचार तास, रोज तीन प्रश्न, असे दोन दिवस. म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला दीड तास. आपल्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या एका पेपरात त्याच दीड तासात ७५ प्रश्न असतात. मी शिष्यवृत्ती परीक्षेला नावे ठेवत नाही. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी हुशार मुलांची पहिली ओळख तिनेच करून दिली. पण ७५ प्रश्नांची सवय लागलेल्या मुलासमोर दीड तासाचा एक प्रश्न ठेवला की ते पाच मिनिटांत पेन खाली ठेवते. त्याला गणित येत नाही असे नाही. उत्तर सापडल्यावर, किंवा न सापडल्यावर, पुढे काय करायचे असते हे त्याला कोणी सांगितलेलेच नाही.

१९५९ चा अगदी पहिला प्रश्न घ्या. न ही कोणतीही नैसर्गिक संख्या असली तरी २१न + ४ छेद १४न + ३ या अपूर्णांकाला आणखी संक्षिप्त रूप देता येत नाही, म्हणजे तो आधीच अतिसंक्षिप्त असतो, हे सिद्ध करा. मसावि शिकलेल्या कोणत्याही मुलाच्या आवाक्यातली ही गोष्ट आहे. छेदाची तिप्पट करा, त्यातून अंशाची दुप्पट वजा करा, उरतो १. अंश आणि छेद दोघांनाही भागणारी संख्या या १ लाही भागेल, म्हणून ती १ च. झाली सिद्धता. न च्या जागी १, २, ३ घालून शंभर वेळा पडताळणारा मुलगा कष्टाळू खरा, पण तो अजून प्रश्नाच्या दारातच उभा आहे. आत नेतात ती ही तीन वाक्ये.

हे सगळे परके आहे असेही नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त कुट्टक, म्हणजे पूर्णांकी समीकरणे सोडवण्याची रीत, आहे, आणि अंकपाश, म्हणजे मांडण्या मोजण्याचे गणित, हेही आहे. शंकराच्या दहा हातांत दहा आयुधे किती प्रकारे देता येतील, या प्रश्नाचे ३६,२८,८०० हे उत्तर तिथे ११५० मध्ये आलेले आहे. चाळीसगावजवळ पाटण येथील शिलालेख सांगतो की भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. अभ्यासमंडळाची ही आपली परंपरा चांगली आठ शतकांची आहे.

आता मुंबईच्या, १९९६ च्या, पहिल्या प्रश्नाकडे येते. २० स्तंभ आणि १२ ओळींचा, २४० घरांचा पट. एका कोपऱ्यात नाणे. ते त्याच लांब बाजूच्या दुसऱ्या कोपऱ्यात न्यायचे. अट एकच: कोणत्याही चालीत आधीचे घर आणि नंतरचे घर यांच्या मध्यबिंदूंमधल्या अंतराचा वर्ग एका ठरलेल्या संख्येएवढा असला पाहिजे. ती संख्या ७३ असेल तर नाणे पोचते. ९७ असेल तर?

९७ म्हणजे ८१ अधिक १६. दोन वर्गांची बेरीज म्हणून ते दुसऱ्या कोणत्याही प्रकारे लिहिता येत नाही. म्हणजे प्रत्येक चालीत नाणे एका दिशेने ९ घरे आणि तिला काटकोनात ४ घरे सरकणार. मुले नाणे फिरवतात, पटाच्या कडेला आपटतात, परत फिरतात. शेवटी कोणीतरी म्हणते, “बाई, जमत नाही.” खरा तास इथे सुरू होतो. ‘मला जमत नाही’ इथून ‘कोणालाही जमणारच नाही’ इथपर्यंत मुलाने कसे जायचे?

बारा ओळींचे चार-चार ओळींचे तीन पट्टे करा आणि मधला पट्टा रंगवा. उभ्या दिशेने ४ ओळी ओलांडणारी चाल नाण्याला दर वेळी कोऱ्यातून रंगीत किंवा रंगीतातून कोऱ्या पट्ट्यात नेते. उभ्या दिशेने ९ ओळी जाणारी चाल मधल्या पट्ट्याला स्पर्शच करू शकत नाही, तिथून ९ ओळी गेल्यास नाणे पटाबाहेर पडेल. ती चाल कोऱ्यातून कोऱ्यातच राहते. नाणे निघाले कोऱ्या पट्ट्यातून, पोचायचेही कोऱ्याच पट्ट्यात. तेव्हा ४ ओळींच्या उभ्या चाली सम हव्यात. आता आडवे पाहा. जायचे आहे १९ घरे, विषम. प्रत्येक चाल आडवी ४ किंवा ९ घरे सरकते, आणि ४ ने कितीही पुढेमागे केले तरी बेरीज समच. म्हणून आडव्या ९ च्या चाली विषम हव्यात. पण आडव्या ९ च्या चाली म्हणजेच उभ्या ४ च्या चाली! त्याच चाली सम आणि विषम दोन्ही कशा असतील? नाणे पोचणार नाही. आज नाही, हजार वर्षांनी नाही, संगणकाला दिले तरी नाही.

मित्रहो, या युक्तिवादात सहावीच्या पलीकडचे गणित औषधालाही नाही. आहे ती फक्त नीट रचलेली भाषा. ‘म्हणून’ कुठे येते, ‘पण’ कुठे येते, कशावरून काय निघाले, हे ज्याला लिहिता येते त्याला ही सिद्धता येते. आपल्याकडे सिद्धता म्हटले की दहावीच्या भूमितीतले ‘पक्ष, साध्य, सिद्धता’ हे तीन मथळे डोळ्यांसमोर येतात, आणि त्यांच्याखाली पाठ केलेला मजकूर. सम-विषम आणि मसावि यांच्याही सिद्धता असतात, त्या पाचवीपासून मुलांना स्वतःच्या शब्दांत लिहिता येतात, हे आपण शाळेत कधी दाखवतच नाही. माझे आजचे म्हणणे एवढेच: या दोन विषयांत उत्तर ही अर्धी गोष्ट आहे, उत्तराखालचा परिच्छेद मुलाला लिहिता आला पाहिजे, आणि तो मराठीत लिहिता आला पाहिजे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्येही स्पर्धक आपल्या भाषेत लिहितो. परीक्षक पाहतात ते तर्क.

सिद्धतेच्या आधी खेळ असतो, हेही विसरून चालणार नाही. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर आयुष्यभर अंकांशी खेळले. ३५२४ घ्या. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा: ३०८७. पुन्हा करा: ८३५२. पुन्हा: ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४ च. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथे येऊन थांबते. आपल्याकडच्या अनेक विद्वानांनी हा पोरखेळ मानला. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिले तेव्हा जगाला कापरेकर कळले. निरीक्षणाची ही गोडी आणि सिद्धतेची शिस्त, दोन्ही एकाच वहीत नांदायला हव्यात.

उलट दिशेने काय होते तेही सांगते. १९८८ च्या ऑलिंपियाडचा सहावा प्रश्न सोडवून फक्त ११ स्पर्धकांनी पूर्ण गुण मिळवले. त्यातली वर्गसमीकरणाच्या मुळांची युक्ती आज क्लासच्या नोट्समध्ये चौकटीत छापलेली असते आणि मुले ती पाढ्यासारखी म्हणतात. युक्ती जरूर शिकवा. पण ती का चालते हे न विचारता दिलेली युक्ती म्हणजे नुसते आणखी एक सूत्र.

“आता यंत्रेच हे प्रश्न सोडवतात, मग मुलांनी कशाला?” असे पालक विचारू लागले आहेत. २०२४ मध्ये गुगल डीपमाइंडच्या प्रणालींनी सहापैकी चार प्रश्न सोडवले. राहिलेले दोन्ही कॉम्बिनेटोरिक्सचे होते. २०२५ मध्ये यंत्रे ४२ पैकी ३५ गुणांपर्यंत, सुवर्णपदकाच्या पातळीवर पोचली, आणि राहिलेला एक प्रश्न पुन्हा कॉम्बिनेटोरिक्सचाच. उद्या तोही सुटेल. पण समोरच्याचे म्हणणे खरे की नुसते ठसक्यात सांगितलेले, हे ओळखण्याची गरज त्याने कमी होत नाही, वाढते. ती सवय ज्याने स्वतः सिद्धता लिहिली आणि स्वतःच खोडली, त्यालाच लागते.

या अधिवेशनाने तीन गोष्टी कराव्यात असे मी सुचवते. प्रत्येक शाळेच्या फलकावर आठवड्याला एकच प्रश्न लागावा, पर्यायांविना. उत्तरे वाक्यांत यावीत आणि शिक्षकांनी ती निबंधासारखी तपासावीत: कुठे पायरी गळली, कुठे ‘उघड आहे’ म्हणून निसटले, तिथे लाल शाईने विचारावे, “का?” आणि मुलांनी मराठीत लिहिलेल्या निवडक सिद्धतांचा एक संग्रह आपण दरवर्षी काढावा. त्यात अपुऱ्या राहिलेल्या सिद्धताही असाव्यात. दुसऱ्याच्या तर्कातली भेग शोधण्यासारखा दुसरा अभ्यास नाही.

शुभारंभ इथेच करू. १ ते १०० मधल्या कोणत्याही ५१ संख्या निवडा. त्यांत एकीने दुसरीला निःशेष भाग जाईल अशी जोडी असतेच. का? मागच्या रांगांत वह्या उघडून बसलेल्या विद्यार्थी मित्रांनी उद्या समारोपाच्या आत उत्तरे लिहून माझ्याकडे द्यावीत. शिक्षकांनाही मुभा आहे. उदाहरणे घेणार नाही, परिच्छेद घेईन.